दृढीकरणाची कवळी

९ एप्रिल २०२४

सुनिवा बाळा,

तुझी लोकरीची टोपी खुंटीवरच राहिली. तीच, कानांवर लाल पट्टी असलेली. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी तू सकाळच्या बोटीला पळालीस ती उघड्या डोक्यानं, आणि त्या दिवशी वारा असा होता की समुद्रपक्षीसुद्धा उडायचं सोडून धक्क्यावरून चालत निघाले होते. टोपी या पाकिटात घातली आहे. बेर्गेनला थंडी कमी आणि पाऊस जास्त असं म्हणतात, पण डोकं ओलं झालं तरी सर्दी होतेच.

इथलं सगळं ठीक. कॉड वाळवायला माचांवर चढवून झाला. यंदा मासळी उदंड, शेपटीला शेपटी बांधून सगळा उतार भरला आहे. वास इतका की कपडे बाहेर वाळत घालायची सोय नाही. तुझ्या बाबाचा गुडघा दुखतो, त्यामुळे तो स्वतःही दुखऱ्या गुडघ्यासारखाच झाला आहे, हात लावायची सोय नाही.

मी रोज फोन करते. तो वाजत राहतो. तुझा बाबा म्हणाला, "आई, तिनं तुझा नंबर बंद करून ठेवला असेल. हल्ली तसं करता येतं. माझा तर नक्कीच केलाय." मी म्हटलं, मग पत्र लिहिते, पत्राला तसली कळ बसवलेली नसते.

ईस्टरच्या त्या जेवणाचं तू मनाला लावून घेतलंस असं मला वाटायला लागलंय. त्यात लावून घेण्यासारखं काय होतं? तू कडक भाकरीचा तुकडा मोडलास, दातानं चावलास, आणि खाली ठेवलास तर त्याच्या काठाला रक्त. मी पाहिलं, तुझ्या होणाऱ्या नवऱ्यानं, एस्किलनं पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं. तू बशीखाली लपवायला गेलीस म्हणून तर जास्त दिसलं. मी आपुलकीनंच बोलले. आपल्या घरातल्या बायकांची तोंडं अशीच, काढून टाक सगळे, मी पंधराव्या वर्षी काढले आणि तेव्हापासून एका दिवसाचा त्रास नाही. मग तोंडातल्या तोंडात कवळी वाजवून दाखवली, तू लहान असताना दाखवायची तशी. तेव्हा तू हसून हसून लोळायचीस आणि मलाही आजीसारखे वाजणारे दात हवेत म्हणून हट्ट धरायचीस.

बाबा जे बोलला ते मात्र जरा जास्त झालं. "दातांचं राहू दे, हनुवटी बघा पोरीची. दाढी आणखी थोडी वाढली की बोटीवर भरती करतो." पण तो सगळ्यांनाच तसं बोलतो. सगळे हसले, त्यात मीही असेन. हसण्याचं काय, एकानं सुरू केलं की दुसरा ओढला जातो.

लग्न सप्टेंबरात आहे ना अजून? फोन घे.

आजी


२७ एप्रिल

सुनिवा,

काल एस्किलनं फोन केला. तुला न सांगता केला, तेव्हा त्याच्यावर रागावू नकोस. बिचारा दहा वाक्यं हवामानावरच बोलला. शेवटी मीच म्हटलं, "अरे, बेर्गेनला पाऊस पडतो हे मला माहीत आहे. सुनिवाला काय झालंय?"

तो म्हणाला, "आजी, तिनं सगळे दात काढायचं ठरवलंय."

मी विचारलं, सगळे म्हणजे दुखरे? तर म्हणाला, नाही, सगळे. दक्षिणेकडच्या कुठल्याशा देशात दवाखाना आहे, तिथं एका फेरीत सगळे दात काढतात, हाडात खुंट बसवतात आणि वर नवी पांढरी रांग. अकरा जूनची वेळ घेतली आहे, विमानाची तिकिटंही काढली. लग्नाआधी एकदाचं संपवून टाकायचं म्हणते. मी म्हटलं, अगं बाई, असं कुणी सांगितलं तिला? मग हळूच म्हणाला, "तुम्हीच आजी. ती म्हणते आजीनं केलं, आजीला एका दिवसाचा त्रास नाही."

सुनिवा, मी त्याला म्हटलं, आता सगळं सांग.

मग त्यानं बाकीचं सांगितलं. तुला ते पीसीओएस आहे, बीजकोशांचं दुखणं, तीन वर्षांपूर्वीच कळलं. पाळी चार-चार महिने येत नाही, हनुवटीवर केस येतात ते त्यामुळे, साखरही काठावर आहे. डॉक्टर म्हणाले वजन उतरव आणि मूल हवं असेल तेव्हा ये. दातवाले म्हणाले नीट घासत जा. आणि तू घासलेस, इतके घासलेस की बेसिन लाल व्हायचं, मग भीती वाटून रक्त येतं तिथं घासायचंच सोडलंस. खालचा समोरचा एक आता हलतो. डिसेंबरपासून तू त्याला जवळ येऊ देत नाहीस, तोंडाला वास येईल म्हणून. हे सांगताना त्याचा आवाज असा झाला होता, की मी म्हटलं, पोरा, एवढ्यावर थांब, उरलेलं समजलं.

तू मला का नाही सांगितलंस असं विचारणार होते. पण विचारत नाही. भाकरीला रक्त लागलं तेव्हा मी कवळी वाजवून दाखवली, त्या बाईला कोण काय सांगणार?

तुला एक विचारते, आणि हे कागदावर लिहिताना या वयातही कान गरम होतात. मी तरुण मुलगी असताना मला पाळी वर्षातून दोनदा यायची, कधी तेवढीही नाही. आईनं सांगितलं, बरंच आहे, कपडे कमी धुवावे लागतात. हनुवटीचे केस मी पुढे तुझ्या आजोबांच्या वस्तऱ्यानं गुपचूप काढायची. लग्नानंतर नऊ वर्षांनी तुझा बाबा झाला, तोपर्यंत सासूचे सगळ्या गावासाठी मोजे विणून झाले होते, एका बाळाचे सोडून. आणि हिरड्यांचं तर तुला माहीतच आहे. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे की माझे दात वाईट होते. पण काल रात्रीपासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. या दोन गोष्टी एकाच बाईच्या अंगात होत्या आणि त्या कधी कुणी शेजारी शेजारी ठेवल्या नाहीत. मीसुद्धा नाही.

अकरा तारखेचं थांबव. निदान मी विचारून येईपर्यंत.

आजी


८ मे

सुनिवा,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, मी लिहिते, तू वाच. वाचत नसशील तर एस्किल, तू वाच आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाच.

मी मोठ्या बेटावर जाऊन हेर्दिस डॉक्टरीणबाईंना भेटून आले. दातांच्या सरकारी दवाखान्यात त्या दोन वर्षांपूर्वी आल्या. तुझ्या बाबाला बोटीनं सोडायला सांगितलं, तर त्याची सुरुवात, "आई, तोंडात एक दात नाही आणि दातांच्या डॉक्टरकडे चाललीस. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, ओलाउग म्हातारी आपले दात डबीत घालून दाखवायला गेली. आणि खरंच आहे ते."

तुला ती तपकिरीची डबी ठाऊक आहे, शिवणाच्या खणातली. लहानपणी तू ती खुळखुळवायचीस आणि मी म्हणायची आत गोट्या आहेत. गोट्या नाहीत, माझे दात आहेत. मी पंधरा वर्षांची होते त्या वसंतात दातवाला बोटीनं आला, प्रार्थनागृहाच्या स्वयंपाकघरात खिडकीजवळ त्यानं खुर्ची मांडली, आणि बेटावरच्या आम्ही ज्या मुली त्या वर्षी चर्चमध्ये दृढीकरणाला, म्हणजे मोठ्यांत घेण्याच्या विधीला, उभ्या राहणार होतो त्या बाहेर बाकावर ओळीनं बसलो. मोठं झाल्याची भेट असायची ती. मुलग्यांना घड्याळ, मुलींना कवळी. नवऱ्याच्या घरी मुलगी दातदुखी घेऊन जायला नको, आणि पहिल्या बाळंतपणात दात जातातच, तर आधीच गेलेले बरे, असा हिशोब. त्यानं काढलेले दात रुमालात बांधून माझ्या बाबांच्या हातात दिले. बाबांना ते टाकवले नाहीत. त्यांनी तपकीर संपवून डबी मला दिली.

डॉक्टरीणबाईंनी डबी तबकात ओतली आणि चिमट्यानं एकेक दात ओळीनं लावला, वरचे वर, खालचे खाली. माझं तोंड माझ्यासमोर मांडून झालं. मला जरा विचित्र वाटलं. एखाद्या मैत्रिणीला पासष्ट वर्षांनी भेटावं आणि ती अजून पंधराचीच असावी तसं.

त्यांनी एकेक उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "हे दोन किडलेले आहेत."

"आणि बाकीचे?"

"ओलाउग, बाकीच्यांना काहीही झालेलं नाही."

"मग काढले कशाला?"

त्यांनी चिमटा खाली ठेवला. विचारलं, "हिरड्यांतून रक्त यायचं?" मी म्हटलं, उशीवर डाग पडायचे. "आणि पाळी कशी होती?"

तुझा बाबा कोपऱ्यात मासेमारीचं मासिक घेऊन बसला होता, तो एकदम उठला. "मी जरा बोट बघून येतो."

मी म्हटलं, "बोट बांधलेली आहे, बस. तुझ्या पोरीचं चाललंय." बसला. मासिक उलटं धरून बसला, पण बसला.

मी सगळं सांगितलं, माझं आणि तुझंही. तुझं सांगितलं म्हणून रागाव, पण नंतर. त्या म्हणाल्या, तुम्हाला तेव्हा काय होतं हे आता दात बघून सांगता यायचं नाही, आणि मी तसं सांगणारही नाही. पण विचारायला हवं होतं. शरीरातल्या त्या रसांचा, हार्मोन म्हणतात त्यांचा, तोल बिघडला की काही बायकांच्या हिरड्या जरा जास्तच भडकतात, दातांवर थोडंसं कीटण साचलं तरी सुजतात, रक्त येतं. बाईला वाटतं घासल्यामुळे रक्त येतंय, म्हणून ती तिथला ब्रश काढते, आणि कीटण आणखी खाली उतरतं. मग दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. साखर काठावर असेल तर आणखी. आणि तोंडातली सूज उलटी अंगालाही जाच करते. म्हणून दातांचा डॉक्टर एकीकडे आणि बाईचा डॉक्टर दुसरीकडे असं चालत नाही, दोघांनी एकमेकांशी बोलायला हवं.

मी विचारलं, आणि ते खुंट?

त्या म्हणाल्या, "खुंट नवे, पण हिरडी तीच, हाड तेच. आधी आजार बरा नाही केला तर तो खुंटांभोवतीही येतो. आणि मग काढायला काही उरत नाही."

बाळा, परत येताना मी आपल्या जुन्या धक्क्याकडे बघत होते. आठवतं, तुझ्या लहानपणी तो एका बाजूला कलला होता? पंचायतीची माणसं आली, खांब कुजले म्हणाली, उपटून नवे घालू. तुझे आजोबा पाण्यात उतरले, खांबावर कुऱ्हाडीची मागची बाजू वाजवली, म्हणाले, लाकूड घंटेसारखं वाजतंय, कुजलंय कुठे? तळाची वाळू वाहून गेली आहे. तळाशी दगड भरले, आणि तो अजून उभा आहे, बोट त्यालाच लागते. तुझे दात तसे आहेत. खांब उपटू नकोस.

बेर्गेनमध्ये हिरड्यांचे खास डॉक्टर आहेत. हेर्दिसबाईंनी नाव आणि नंबर दिला, तो खाली लिहिला आहे. त्यांना आधीच कळवलंय, तू फक्त फोन करायचास.

आजी


१८ मे

सुनिवा,

एस्किल म्हणाला, पत्रं तू वाचलीस. सगळी वाचलीस आणि म्हणालीस, "आजी आता घाबरली म्हणून काहीतरी बोलतेय. तिचं आयुष्य तर छान गेलं ना तिच्या कवळीनं."

तर मग ते छान कसं गेलं ते ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आजोबांनासुद्धा नाही.

दात काढल्यावर कवळी यायला उन्हाळा उलटला. तोवर मी शालीत तोंड गुंडाळून शाळेत गेले. चर्चमध्ये दृढीकरणाच्या दिवशी नवे दात घालून उभी राहिले, सगळ्या म्हणाल्या मोत्याची माळ. खरंच सुंदर होते. भेट होती ना ती. भेटीला नावं ठेवता येत नाहीत. आई विचारायची, बसतात का गं नीट? मी म्हणायची, हो, एका दिवसाचा त्रास नाही. ते वाक्य तेव्हा जे तोंडात बसलं ते कवळीपेक्षाही घट्ट बसलं.

दात नसले की जबड्याचं हाड आपलं आपण विरत जातं, हे कुणी सांगितलं नव्हतं. चाळिशीत खालची कवळी माझ्या तोंडात जुन्या जोड्यासारखी हलायला लागली. नवी केली, तीही हलली. आता खाली हाडाची धारच राहिली आहे, तिच्यावर काही ठरत नाही. चिकटवायची पेस्ट लावते, ती दुपारपर्यंत टिकते. म्हणून मी कुणाकडे जेवायला जात नाही, कॉफीलाच जाते. तू म्हणायचीस आजी किती कमी खाते, चिमणीसारखी. चिमणीला चोच असते गं.

चर्चमध्ये मी गात नाही, नुसते ओठ हलवते. एकदा एका उंच सुरावर वरची कवळी निसटली होती. पाद्र्यांना दिसली नाही, पण पुढच्या बाकावरच्या मागन्हिल्डला दिसली आणि ती आजवर त्याबद्दल कुणाकडे एक शब्द बोलली नाही. म्हणून तिच्या सगळ्या आगाऊपणाला मी माफी देत आले.

तुझे आजोबा. आम्ही चव्वेचाळीस वर्षं एका खाटेवर झोपलो आणि त्यांनी माझं कवळीशिवायचं तोंड कधी पाहिलं नाही. मी कवळी घालूनच झोपायची, हिरड्यांना फोड आले तरी. ते धक्क्यावर असले की मी काढून धुवायची. मला वाटायचं त्यांना काही कळत नाही. वाळवलेला कॉड ते पायरीवर बसून दातानं तोडून खायचे, सगळी माणसं खातात तसे. पण माझ्यासाठी एक तुकडा दगडावर ठेवून हातोडीनं कुटायचे, कुटत राहायचे, तपकिरीसारखा भुगा होईपर्यंत. तो भुगा लोणी लावलेल्या भाकरीवर पसरून माझ्यापुढे ठेवायचे. कधी काही बोलले नाहीत. मी म्हणायची, "एवढं कशाला कुटता, मला चावता येतो." ते म्हणायचे, "माहीत आहे. माझ्या हाताला चाळा."

त्यांना कळत होतं, सुनिवा. मला ते आत्ता कळलं, तुला हे पत्र लिहायला बसले तेव्हा.

काल सतरा मे, आपला राष्ट्रीय दिन होता. शाळेच्या मैदानात झेंडे, बँड, पोरांच्या तोंडाला आइस्क्रीम. मी बाकावर बसून राष्ट्रगीताला ओठ हलवले आणि मला स्वतःचीच शिसारी आली. घरी आल्यावर तुझ्या बाबाला म्हटलं, फोन काढ, माझा फोटो घे. तो म्हणाला, "आता? पारंपरिक पोशाख उतरवलास की, आधी सांगायचंस." मी म्हटलं, पोशाखाचा नाही. आणि दोन्ही कवळ्या काढून टेबलावर ठेवल्या.

त्यानं मला असं आयुष्यात पाहिलं नव्हतं. पन्नाशी उलटलेला माणूस, पण चेहरा असा झाला जसा लहानपणी बोट उलटली होती तेव्हा झाला होता. फोटो घेतला. मग काही न बोलता बाहेर गेला आणि लाकडं फोडत बसला. मे महिन्यात, जेव्हा चुलीला लाकूड लागत नाही.

फोटो पाकिटात आहे. तो छापून घेतलाय, कारण फोनवरचा तू बोटानं सरकवला असतास. नीट बघ. ओठ आत गेलेत, नाक आणि हनुवटी एकमेकींना भेटायला निघाल्या आहेत. हे मी आहे. तुझ्या वयातही मी अशीच होते, फक्त झाकलेली.

आता तुला वाटेल ते कर. पण माझं नाव पुढे करून करू नकोस.

आजी

(खाली तुझा बाबा लिहितोय. मी लिहू नको म्हटलं होतं, त्याचं अक्षर वाचवत नाही.)

सुनिवा, आजीचं ऐक. दाढीचं बोललो ते बोलायला नको होतं. मला माहीत नव्हतं. माहीत नसलं तरी बोलायला नको होतं. — बाबा


३ जून

सुनिवा,

दोन आठवडे झाले, काही नाही. एस्किलही फोन उचलत नाही, तुम्ही दोघांनी ठरवलं असेल.

जास्त लिहीत नाही. लिहिण्यासारखं सगळं मागच्या पाकिटात गेलं, आणि ते पोचलं की नाही याचाच विचार करत सकाळी पोस्टाच्या पेटीपर्यंत जाते. पेटीत वीजबिल असतं.

तुझा बाबा काल किनाऱ्याच्या मोठ्या बोटीत बसून दक्षिणेकडे गेला. मला म्हणाला, "जाळ्यांचं सामान आणायचंय." मी विचारलं, बेर्गेनहून? तो म्हणाला, "तिथं चांगलं मिळतं." ज्या माणसाला मोठ्या बेटावरच्या गर्दीनंसुद्धा घाम फुटतो तो गेलाय. त्यानं चांगला शर्ट घातलाय आणि सोबत हेरिंग मासळीच्या लोणच्याची बरणी नेली आहे. तो दारात उभा राहिला तर त्याला आत घे. बोलणार काही नाही, पण घे.

अकरा तारीख मंगळवारी येते.

आजी


७ जुलै

सुनिवा बाळा,

तुझं पाकीट आलं. आतल्या छोट्या पुडीत काहीतरी टणक हाताला लागलं. मी ती उघडली नाही. टेबलावर ठेवली, कॉफी केली, कॉफी प्याले नाही. शेवटी तुझ्या बाबाला हाक मारली. त्यानं पुडी उघडली, कापसात एक दात. खालचा, समोरचा. आणि तुझ्या अक्षरात कागदाच्या चिटोऱ्यावर एकच शब्द: "एकच."

तुझा बाबा म्हणाला, "आई, रडतेस कशाला, एकच म्हणतेय ना ती." आणि स्वतः नाक पुसत होता.

मग तुझं मोठं पत्र मी दोनदा वाचलं. म्हणजे फोटो पोचला त्याच दिवशी तू अकरा तारखेची वेळ रद्द करून हिरड्यांच्या डॉक्टरांना फोन केला होतास, आणि मी इथं पोस्टपेटीच्या खेपा घालत होते. सांगायला काय झालं होतं? तू लिहितेस, सांगितलं असतं आणि पुन्हा पळून गेले असते तर? बरोबर आहे. मी विचारत नाही.

हिरड्यांच्या खाली खरवडताना दुखलं, हे तू लिहिलंस. ते चार बैठकींत करावं लागलं आणि अजून दर तीन महिन्यांनी जायचं, हेही लिहिलंस. लिहीत जा, मला छान छान नकोय. तो एक दात वाचण्यापलीकडे गेला होता, तर गेला. बाकीचे घट्ट आहेत की नाहीत हे वर्षभर कळायचं नाही असं त्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे मला आवडलं. जो माणूस एका फेरीत सगळं चकाचक करून देतो म्हणतो त्याच्यापेक्षा हा बरा. आणि त्यांनी तुझ्या दुसऱ्या डॉक्टरांना पत्र लिहिलं आणि आता औषध सुरू केलं, साखर तपासली. दोघं एकदाचे एकमेकांशी बोलले.

फटीतल्या बारीक ब्रशनं अजून रक्त येतं पण कमी, म्हणतेस. येऊ दे. घाबरून ब्रश काढू नकोस.

तुझ्या बाबाला विचारलं, बेर्गेनला काय बोललास? म्हणाला, "माफी मागायची ठरवून गेलो होतो. बोटीत पाठ करत होतो. तिनं दार उघडलं आणि मी म्हटलं, कॉफी आहे का?"

"आणि ती?"

"ती म्हणाली, आहे. मग आम्ही कॉफी प्यालो. तिनं तुझा फोटो फ्रिजवर लावलाय, आई. कवळी नसलेला." असं म्हणून तो माझ्याकडे बघायला लागला, मी रागावते का ते बघायला. मी नाही रागावले. लाव. एस्किलच्या आईवडिलांना दिसला तरी चालेल, त्यांना लग्नात ओळख पटायला सोपं जाईल.

तुझा दात मी तपकिरीच्या डबीत ठेवला नाही. त्या डबीत जे आहेत ते भेटीत गेलेले आहेत. तुझा लढून गेला आहे. तो मी आजोबांच्या हातोडीशेजारी, खिडकीत ठेवलाय.

कॉड माचांवरून उतरवला. यंदा छान वाळलाय, हाडासारखा. लग्नाच्या आधी दोन दिवस ये, एस्किलला हवं तर नंतर येऊ दे. तुझ्या बाबाला मी सांगून ठेवलंय, तुझा तुकडा कुटायचा नाही. हिरड्यांच्या डॉक्टरांना आधी विचार, आणि ते नाही म्हणाले तर पुढच्या वर्षी, मासा काही कुठे जात नाही. ते हो म्हणाले तर पायरीवर माझ्या उजव्या बाजूला बस, त्या कानानं मला अजून चांगलं ऐकू येतं, आणि दाढेनं हळूहळू तोड. मला तो आवाज ऐकायचाय. पंधराव्या वर्षापासून तो माझ्या डोक्याच्या आतून आलेला नाही.

माझा भुगा मी स्वतः कुटून घेईन. माझ्या हाताला चाळा.

आजी